सोफ्यामागच्या भिंतीवर सात ताटल्या लावायच्या आहेत, पण पडण्याची भीती वाटते

प्रश्न: वाकडला चौदाव्या मजल्यावर नवीन घर घेतलं आहे. बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे सात शोभेच्या ताटल्या लावायच्या आहेत. जयपूरहून आणलेल्या तीन निळ्या, खुर्जाची एक जाडजूड, आजेसासूबाईंच्या सोनेरी कडेच्या चिनी मातीच्या दोन आणि तांबट आळीतून घेतलेली तांब्याची एक मठारलेली थाळी. गेल्या महिन्यात एक निळी ताटली दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर लावून बघितली. अकराव्या दिवशी रात्री ती पडली. खाली सोफा होता म्हणून वाचली. टेपला भिंतीचा रंग चिकटून आला आहे. आता ड्रिल मारावं, की ताटल्यांना मागून काहीतरी पक्कं चिकटवावं?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. टेपला रंग चिकटून आला, म्हणजे टेपने तिचं काम चोख केलं. ताटलीच्या पाठीवर ती अजूनही घट्ट असेल, बघा. सुटला तो भिंतीचा रंग आणि त्याखालची पुट्टी. नव्या इमारतीत बहुतेक ठिकाणी जिप्समचा गिलावा, त्यावर पुट्टीचे दोन हात, मग प्रायमर आणि वर रंग असतो. हे पापुद्रे स्वतःचं वजन धरण्यापुरते एकमेकांना धरून असतात. पाऊण किलोची ताटली त्यांच्या अंगावर लटकवली की ती रात्रंदिवस खाली ओढत राहते, आणि त्या थरांतला सगळ्यात कच्चा थर एक दिवस सोडून देतो. त्यामुळे अजून महागाची टेप आणली तरी तीच गोष्ट होणार. चिकटपणा वाढेल, पुट्टी तीच राहील.

मी बावीस वर्षं पुण्यात फ्रेमिंगचं आणि घरोघरी चित्रं, आरसे, ताटल्या टांगून द्यायचं काम करते. या कामात एक नियम मी कधी मोडत नाही: लावलेली ताटली उद्या सकाळी जशीच्या तशी उतरवता आली पाहिजे. घराला चार-पाच वर्षांनी रंग लागतो, घर बदलतं, मुलीला त्यातली एक ताटली हवी असते. अशा वेळी मागे अराल्डाइटने हूक चिकटवलेल्या ताटल्या माझ्याकडे येतात. हा इपॉक्सी गोंद चिनी मातीच्या झिलईला असा धरतो की काढताना एक तर झिलईचा टवका निघतो किंवा हूक आयुष्यभर तिथेच राहतो. फेविक्विकचं वेगळं. ते काचेसारखं कडक सुकतं, त्यात लवचीकपणा नसतो. दार आपटलं, भिंत थरथरली, की एके दिवशी पटकन सुटतं आणि सुटण्याआधी काही सांगत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं: भिंतीला ड्रिल खुशाल मारा, ताटल्यांना मात्र कायमचं काही चिकटवू नका. भोक बुजवता येतं, टवका भरून येत नाही.

आता भिंत. लोक आधी हँगर विकत घेतात आणि मग भिंतीकडे बघतात. माझं काम उलट चालतं. पुण्यात एकाच दिवसात मी तीन-चार जातींच्या भिंतींवर काम करते आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो.

पेठांमधल्या वाड्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यात माती-विटांनी भरलेल्या, वर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा. तिथे ड्रिल लावलं की भोक राहत नाही, भगदाड होतं. अशा घरात मी खुंट्या, खांब, तुळया यांचाच आधार घेते. कोनाडा असेल तर ताटली टांगायचीच नाही, कोनाड्यात टेकवून ठेवायची. याहून देखणी जागा दुसरी मिळत नाही. एरंडवणे, प्रभात रोड, सहकारनगरच्या जुन्या बंगल्यांत नऊ इंची पक्क्या विटेची भिंत मिळाली की हात निवांत होतो. साधा प्लग (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी), साधा स्क्रू, आणि वीस वर्षं बघायला नको.

नव्या इमारतींत दोन शक्यता असतात. एक सिपोरेक्स. हलक्या राखाडी-पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीला आपल्याकडे सरसकट याच नावाने ओळखतात. स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात हा ब्लॉक तयार झाला. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालतात, त्याने आत वायूचे बुडबुडे होतात आणि अनारशाला पडावी तशी जाळी पडते. म्हणून तो इतका हलका असतो. घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, तर काँक्रीट २४००च्या आसपास. पण जाळीत खिळ्याला धरायला काय असणार? खिळा दोन ठोक्यांत आत जातो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. दुसरी शक्यता म्हणजे मिवानची भिंत. ॲल्युमिनियमच्या साच्यात आतल्या-बाहेरच्या भिंती आणि छत सगळं एकसंध काँक्रीट ओतलेलं. हिंजवडी-वाकड पट्ट्यातल्या अनेक नव्या उंच इमारती अशा आहेत. तिथे पोलादी खिळाही वाकतो, आणि ठोकताना पुट्टीचा बशीएवढा पोपडा उडतो तो वेगळा.

तुमची भिंत कुठली हे ओळखायला बिल्डरचं माहितीपत्रक शोधत बसू नका. जिथे नंतर ताटलीने झाकलं जाईल अशा जागी ३ एमएमच्या बिटने एकच बारीक भोक पाडा आणि खाली कागद धरा. आधी पांढराशुभ्र मऊ भुगा येईल, तो पुट्टी आणि जिप्समचा. तो किती खोलपर्यंत येतो ते बघा, गिलावा असेल तिथे साधारण १२ ते १५ एमएम असतो. त्यानंतर लाल भुगा आला तर वीट. फिकट राखाडी, पिठासारखा, आणि बिट लोण्यात सुरी जावी तसं जात असेल तर सिपोरेक्स. गडद राखाडी, बारीक, आणि बिट जागचं हलेना, नुसतं किंचाळतंय, तर काँक्रीट. भिंत ठोकून आवाजावरूनही अंदाज येतो, पण जिप्समच्या गिलाव्यामुळे कान फसतो. भुगा फसवत नाही.

ड्रिल मारण्याआधी आणखी एक काम, आणि यात हयगय नको. भिंतीवरचे स्विचबोर्ड बघा. आतल्या वायरचे पाइप शक्यतो बोर्डातून सरळ वर किंवा सरळ खाली जातात, तेव्हा बोर्डाच्या रुंदीएवढा उभा पट्टा छतापर्यंत सोडून द्यायचा. मिवानमध्ये पाइप काँक्रीटमध्येच ओतलेले असतात आणि ते दरवेळी सरळ रेषेत जातील असंही नाही, म्हणून शंका असेल तिथे वायर शोधणारं छोटं यंत्र फिरवून घ्या. सोफ्यामागची भिंत पलीकडे बाथरूमला लागून असेल तर पाण्याचा पाइप कुठून गेलाय हे आधी विचारा. एसीची तांब्याची नळी भिंतीत दडवली असेल तर तिचा मार्गही. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, हाही प्रश्न विचारून ठेवते. बाहेरच्या बाजूची पश्चिमेची भिंत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तिला हात लावून बघा. लोणा धरणाऱ्या भिंतीत स्क्रू गंजतो, गिलावा भुसभुशीत होतो. अशी भिंत मी आधी दुरुस्त करून घ्यायला सांगते.

वीट निघाली तर ६ एमएमचं भोक, ३५-४० एमएमचा प्लग. इथे बहुतेकांकडून एक चूक होते. प्लग भिंतीच्या तोंडाशीच ठेवतात, म्हणजे त्याचा निम्मा भाग जिप्सममध्ये राहतो. जिप्सम काही धरत नाही. प्लग आत ढकलून असा बसवायचा की त्याचा मोठा भाग विटेत किंवा ब्लॉकमध्ये जाईल, आणि स्क्रू त्या हिशोबाने लांब घ्यायचा. सिपोरेक्स असेल तर ड्रिलचं हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरू द्या, नाहीतर भोक आतून पसरतं. त्याच ब्लॉकसाठी बनवलेले जाड पेचांचे नायलॉन प्लग मिळतात, ते ८ एमएमचे आणि ६० एमएम लांब घ्या. काँक्रीटला हॅमर ड्रिलच लागतं, घरगुती छोट्या यंत्राने जमत नाही. मध्येच बिट अडून ठिणगी दिसली तर सळई लागली असं समजा आणि जोर न करता इंचभर बाजूला सरका. सगळ्या भिंतींना लागू अशा तीन बारीक गोष्टी: भोकाच्या जागी आधी कागदी टेपची फुली लावली की रंगाचे पोपडे उडत नाहीत. भोक पाडल्यावर आतला भुगा फुंकणीने किंवा सरबताच्या नळीने साफ काढा (डोळे मिटून, हे आवर्जून सांगते), कारण भुग्यात बसवलेला प्लग नुसता गोल फिरतो. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात साध्या लोखंडी स्क्रूच्या गंजाचा ओघळ भिंतीवर दोन वर्षांत दिसू लागतो.

सगळं बसलं की ताटली लगेच लावत नाही. त्या स्क्रूवर पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवते. सकाळी स्क्रू जिथल्या तिथे असेल, त्याच्याखाली गिलाव्याला केसाएवढीही भेग नसेल, तर तो पास. तुमची सगळ्यात जड थाळी याच्या निम्म्यानेही नसेल. तरी सातही ताटल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेकदा ठेवून वजनं लिहून घ्या.

आता ताटल्या. प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय मी हँगर ठरवत नाही. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. ताटली डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने कडेला हलकी टिचकी मारा. चिनी मातीची ताटली धड असेल तर खणखणीत वाजते आणि आवाज क्षणभर घोळत राहतो. बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. मग उजेडाकडे धरून कडेपासून आतपर्यंत नखाने चाचपायचं.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते त्याला कारण आहे. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. एरंडवण्यातल्या एका घरी जुनी चिनी मातीची ताटली स्प्रिंगच्या हँगरमध्ये बसवून दिली. वाजवून बघितली नव्हती. कडेला केसासारखी चीर होती आणि स्प्रिंगचा ताण बरोबर त्या चिरेच्या दोन्ही बाजूंना पडत होता. तिसऱ्या रात्री ताटली भिंतीवरच दुभंगली. अर्धी हँगरमध्ये, अर्धी जमिनीवर. त्या बाईंच्या आईने दिलेली ताटली होती ती. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, आणि पैशांनी ती परत येणारही नव्हती. तेव्हापासून वाजवल्याशिवाय एकही ताटली मी हँगरला लावलेली नाही, आणि चीर गेलेली किंवा जोडलेली ताटली ताणाच्या हँगरमध्ये कधीच बसवत नाही.

स्प्रिंगचा हँगर म्हणजे पितळी किंवा स्टीलच्या तारेचे दोन भाग, चार टोकांना आकडे आणि मध्ये स्प्रिंग. दुकानात तो 'आठ ते दहा इंच' अशा मापात मिळतो. आपली ताटली त्या मापाच्या मधोमध पडेल असाच घ्यायचा. नऊ इंची ताटलीला आठ ते दहाचा बरोबर. दहा इंचीला तोच घेतला तर स्प्रिंग पूर्ण ताणली जाते आणि सगळा जोर चार टोकांवर येतो. बसवल्यावर स्प्रिंग जेमतेम उघडलेली दिसली पाहिजे आणि ताटली हाताने हलवली तर सरकता कामा नये. त्याहून जास्त ताण म्हणजे ताटलीला विनाकारण शिक्षा.

तुमच्या आजेसासूबाईंच्या दोन ताटल्यांची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. सोन्याची कड झिलईच्या वर चढवलेली असते, झिलईच्या आत नसते. धातूचा आकडा तिच्यावर एकदा सरकला तरी रेघ उठते आणि ती पुसता येत नाही. म्हणून आकड्यांवर पारदर्शक हीट श्रिंक नळी चढवून घ्या. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात फुटाच्या हिशोबाने मिळते. आकड्याएवढा तुकडा कापायचा, चढवायचा, आणि ताटलीपासून लांब नेऊन केस वाळवायच्या यंत्राची कडक हवा द्यायची की ती आकसून घट्ट बसते. काहीजण सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरतात. ती नको. दोन उन्हाळ्यांत रबर चिकट होतं आणि कडेवर डाग पाडतं. या दोन ताटल्या बद्द वाजल्या, तर त्यांना हँगर नाहीच. त्यांच्यासाठी वेगळा उपाय पुढे सांगते.

जयपूरच्या निळ्या ताटल्यांचं अंग चिनी मातीचं नसतं, साध्या मातीचंही नसतं. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, डिंक असं मळून ते साच्यात दाबतात आणि एकदाच, चिनी मातीच्या मानाने कमी आचेवर भाजतात. त्यामुळे धड असली तरी ती खणखणीत वाजत नाही. तिला चिनी मातीच्या मापाने मोजू नका, तिघींना एकमेकींशी ताडून बघा. दोघी सारख्या वाजल्या आणि तिसरी वेगळी, तर तिसरीत काहीतरी आहे. सोफ्यावर पडलेली ताटली यात नक्की वाजवून बघा. या ताटल्यांच्या कडा ठिसूळ असतात, टवका पटकन उडतो. म्हणून इथेही आकड्यांना नळी हवीच, आणि स्प्रिंग शक्य तितकी सैल. पाठीवरची टेप ओढून काढू नका. हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या आणि शिवणाचा दोरा टेपच्या मागून करवतीसारखा हलके हलके ओढा. उरलेला चिकटा खोबरेल तेलाच्या बोटाने मळून निघतो. पण हे झिलई असलेल्या भागावरच, उघड्या अंगावर तेल मुरतं.

खुर्जाची ताटली उलटी करून बघा. बुडाच्या कंगोऱ्यात दोन बारीक भोकं असतील तर ती करणाऱ्याने टांगण्यासाठीच ठेवली आहेत. मग हँगरची गरजच नाही. तांब्याची बारीक तार, दोनदा ओवून, पीळ देऊन, सैलसर कमान ठेवून बांधा. कमान ताटलीच्या वरच्या कडेच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर तार डोकावते. लोखंडी तार वापरू नका, आणि मासे पकडायची नायलॉनची दोरीही नको, ती ताणाखाली हळूहळू लांबत जाते. भोकं नसतील तर स्प्रिंगचा हँगर. ही ताटली जाड आहे, तेव्हा आकड्याचा खोबणीचा भाग तिच्या कडेच्या जाडीएवढा रुंद आहे ना ते दुकानात ताटली नेऊनच बघा.

पाण्याने चिकटणाऱ्या कापडी चकत्या मिळतात, त्यांच्याबद्दलही लोक विचारतात. पाठीवर गोल चकती, तिला कडी. चिकटवण्याच्या सगळ्या प्रकारांत मी मान्य करते तो हा एकच, कारण नंतर पाण्यात भिजवून ती निघते. पाठ साबणाने धुऊन कोरडी करायची, चकतीच्या गोंदाला पाणी लावून तो चिकट होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं, मग मधून कडेकडे दाबत बसवायची आणि पूर्ण २४ तास आडवी ठेवायची. नंतर कडीला धरून जोराने ओढून बघायचं, आणि पहिले दोन दिवस ताटली जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली उशी ठेवून टांगायची. झिलई असलेल्या, सपाट पाठीच्या ताटलीलाच हे चालतं. तुमच्यापैकी जयपूरच्या एखाद्या छोट्या ताटलीला लावता येईल. आजेसासूबाईंच्या ताटल्यांना आणि खुर्जाच्या उघड्या पाठीला नको.

तांब्याची थाळी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जड. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीच्या एकेका ठोक्याने मठारतात तेव्हा पत्रा कडक होतो. ते ठसे नुसते शोभेचे नसतात, त्याने थाळीला ताठपणा येतो. त्यामुळे स्प्रिंगच्या ताणाने ती वाकण्याची भीती नाही. पण कुणी 'कडेला एक भोक पाडून देतो' म्हणालं तर ऐकू नका. हाताने केलेल्या थाळीला भोक पाडायचं कारणच नाही, मोठ्या मापाचा जाड तारेचा हँगर तिला पेलतो. टांगण्याआधी तिचा चेहरा ठरवून घ्या. चकचकीत हवी की तशीच काळसर-तांबूस होऊ द्यायची? चकचकीत हवी असेल तर दर काही आठवड्यांनी उतरवून चिंच लावावी लागेल. थाळीवर लॅकरचा थर असेल तर चिंच अजिबात नको, कोरडं मऊ कापड पुरे. मला स्वतःला भिंतीवरचं तांबं आपसूक काळवंडलेलंच आवडतं. ठशांच्या खळग्यांत काळं राहतं आणि उंचवट्यांवर उजेड पडतो.

मांडणीसाठी भिंतीशी झटापट करू नका, ती जमिनीवर करा. सोफा पुढे ओढा, सोफ्याच्या लांबीची चादर अंथरा आणि तिच्यावर ताटल्या मांडून हलवत बसा. घाई नको. मी असते तर थाळी मध्यभागी ठेवणार नाही, थोडी डावीकडे खाली ठेवीन, कारण तिचा रंग सगळ्यांत भारदस्त आहे आणि मधोमध ठेवली की बाकी सहा तिच्याभोवती पाहुण्यांसारख्या दिसतील. निळ्या तिघी एकत्र नकोत, त्रिकोणात विखरून. सोनेरी कडेच्या दोघी मात्र शेजारी शेजारी, त्या जोडीनेच घरात आल्या असतील. दोन ताटल्यांत दोन-तीन इंच जागा. बघून समाधान झालं की खुर्चीवर उभं राहून वरून मोबाइलवर फोटो काढा.

मग वर्तमानपत्राचे गोल. प्रत्येक ताटली उलटी ठेवून पेन्सिलने रेघ मारायची, कापायचं, त्यावर 'निळी १', 'आजी २' असं लिहायचं. आता खरी मेख. ताटलीला हँगर लावा, भिंतीवर टांगल्यावर जशी ओढली जाईल तशी मधली तार बोटाने वर ओढा, आणि तार कडेपासून किती खाली थांबते ते पट्टीने मोजा. तेवढ्याच अंतरावर कागदाच्या गोलाला सुईने भोक पाडा. हे गोल कागदी टेपने भिंतीवर लावले की प्रत्येक सुईचं भोक म्हणजे स्क्रूची अचूक जागा. हे न करता अंदाजाने सात भोकं पाडली तर किमान तीन चुकतात, आणि चुकलेलं भोक ताटलीच्या बाहेर डोकावतं. कागद दोन दिवस तसेच राहू द्या. सकाळच्या उजेडात, रात्री दिव्यात, दारातून आत येताना बघा. हलवावंसं वाटलं तर कागद हलवायला काही लागत नाही.

उंचीचा साधा हिशोब असा: सगळ्या मांडणीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, पण सोफ्याच्या पाठीपासून सगळ्यात खालची ताटली आठ-दहा इंच तरी वर. टेकून बसणाऱ्याचं डोकं लागता कामा नये. घरात उंच कुणी असेल तर त्यांना सोफ्यावर बसवून, मागे मान टाकायला सांगून बघा. आडव्या रेषेला पाणसळ लावा, नुसता डोळा छताच्या रेषेने फसतो.

स्क्रूचं डोकं भिंतीपासून पाच-सहा एमएम बाहेर ठेवा आणि तार त्याच्या मागे नीट बसली ना हे बाजूने बघा. ताटलीच्या पाठीवर खालच्या बाजूला सिलिकॉनचे दोन पारदर्शक ठिपके चिकटवा. हे कपाटाच्या दाराला लावतात तेच, बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दार आपटलं की ताटली भिंतीवर टकटक वाजते ती थांबते, आणि मागून हवा खेळती राहते. चौदाव्या मजल्यावर वारा जोरात असतो, दारं आपटतातच. तुमच्या मांडणीला हे ठिपके शोभेसाठी नाहीत, गरजेचे आहेत.

जागेबद्दल थोडक्यात: पलंगाच्या उशाशी आणि पाळण्याच्या वर मी ताटली लावत नाही, कितीही पक्की असली तरी. गॅसजवळ तेलकट थर बसतो. बाकी कुठेही चालते.

आता तो वेगळा उपाय. आजेसासूबाईंच्या ताटल्या बद्द वाजल्या, किंवा सात भोकं पाडायला घरातून विरोध असेल, तर ताटाळं करून घ्या. आपल्या स्वयंपाकघरांत ताटं उभी लावायचं ताटाळं पूर्वापार आहे. त्याचंच बैठकीसाठी रूप: सागवानाची तीन-साडेतीन इंच रुंद फळी, तिच्यात मागून दोन इंचांवर एक सेंटिमीटर खोल खोबण, आणि पुढे बोटभर उंचीची पट्टी. ताटलीची खालची कड खोबणीत, वरची कड भिंतीला टेकलेली. चार फुटी फळीला भिंतीत तीन स्क्रू पुरतात. ताटलीवर ताण शून्य, कारण तिचं वजन खालून पेललं जातं, आणि उतरवायची तर नुसती उचलायची. चीर गेलेली ताटलीसुद्धा यावर वर्षानुवर्षं निवांत राहते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही मी हेच सुचवते. कुठलाही चांगला सुतार अर्ध्या दिवसात करून देईल, फक्त खोबण किती जाड ताटलीसाठी हवी ते ताटली दाखवून सांगा. नुसती सपाट फळी नको, गुळगुळीत बूड तिच्यावरून पुढे घसरतं.

दिवाळीच्या साफसफाईला वर्षातून एकदा सगळ्या ताटल्या खाली घ्या. उतरवताना आधी दोन्ही तळव्यांनी खालून उचला आणि मग पुढे घ्या. सरळ पुढे ओढली तर तार स्क्रूच्या डोक्याला अडते आणि हातातून निसटते. मी ऐकलेल्या तुटाफुटीतल्या बऱ्याचशा टांगलेल्या असताना नाही, उतरवताना झालेल्या आहेत. स्प्रिंग सैल पडली का, आकड्यावरची नळी फाटली का, तारेवर हिरवट-काळं काही धरलंय का, एवढं बघा. आणि प्रत्येक हँगरला दोऱ्याने एक छोटी चिठ्ठी बांधून ठेवा: ताटली कुणाची, कुठून आली, वजन किती, कुठल्या वर्षी टांगली. आजेसासूबाईंच्या ताटल्यांवर तर नक्की. आज तुम्हाला ठाऊक आहे, पण पुढे जी ती ताटली उतरवेल तिला ते कागदावरच सापडेल.

ड्रिल दुपारी एक ते चार सोडून मारा, वरखाली म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची झोपायची वेळ असते. तोपर्यंत ते ३ एमएमचं एक भोक पाडा आणि पांढरा भुगा किती एमएमपर्यंत आला, त्यानंतर कुठल्या रंगाचा आला, एवढं मला कळवा. सोबत सातही ताटल्यांची वजनं आणि व्यास. त्यावरून कुठल्या ताटलीला कुठलं माप आणि कुठला प्लग ते एकेक करून लिहून देते.